संभाजीनगरात कुठे खावं: आधी पदार्थ आणि वेळ ठरवा, मग हॉटेल

तुमचा प्रश्न असा: पुण्याहून बदली होऊन छत्रपती संभाजीनगरला आलोय, खोली उस्मानपुऱ्यात, काम वाळूज एमआयडीसीत. रोजचं जेवण कुठे करावं, नान खलिया कुठे खावा, आणि अनोळखी हॉटेल चांगलं आहे हे कसं ओळखावं?

माझं मत आधीच सांगतो. या शहरात हॉटेलचं नाव विचारण्याआधी काय खायचंय आणि किती वाजता, हे ठरवायला हवं. शहागंज, सिटी चौक, बुढी लेन, रोशन गेट या जुन्या भागात एकेक दुकान एकदोन पदार्थांवर चालतं. देग, म्हणजे रस्सा-भाताचं मोठं भांडं, उतरली की गर्दी, देग संपली की शटर खाली. जालना रोड, सिडको, कॅनॉट या भागात मेनूकार्ड आठ पानांचं असतं आणि बहुतेक भाज्यांना वाटण एकच. दोन्हीकडे चांगलं मिळतं, पण एकीकडचं दुसरीकडे मागवलं की पैसे वाया जातात.

नान खलियाचंच घ्या, म्हणजे जाड नान आणि मटणाचा पातळ रस्सा. 1327 मध्ये मुहम्मद तुघलकाने राजधानी दिल्लीहून देवगिरीला, म्हणजे दौलताबादला आणली आणि त्याच्या लष्कराच्या भटारखान्यातून हा पदार्थ इथे आला, असं इथले लोक सांगतात. पदार्थाची घडणही मोठ्या पंगतीची आहे. नान आधी ढिगाने भाजून ठेवता येतात आणि खलिया एका देगीत शेकडो माणसांचा होतो. म्हणून तो चार वाट्यांच्या कढईत जमत नाही. एसी रेस्टॉरंटमध्ये खलिया मागवला तर बहुतेक वेळा कांदा-टोमॅटोच्या तयार ग्रेव्हीत वेगळं उकडलेलं मटण टाकून देतात. ओळखायची खूण सोपी आहे: रस्सा दाट आणि गोडसर लागतो, टोमॅटोचा आंबटपणा मागे राहतो, मटणाचा तुकडा मऊ असतो पण आतून अळणी. खऱ्या खलियाचा रस्सा पातळ असतो. भाजलेलं खोबरं, तीळ, खसखस यांच्या वाटणाचा तो असतो, हाडाचा अर्क त्यात उतरलेला असतो आणि वर लाल तर्री तरंगत असते. तो चमच्याने खायचा नाही, नान बुडवून खायचा.

नानही बटर नान नव्हे. बटर नान मऊ मैद्याचा, रश्श्यात दोन मिनिटांत लगदा होतो. खलियाबरोबरचा नान जाड असतो, आंबवलेल्या पिठाचा. कापडी गादीवर घेऊन तो तंदूरच्या भिंतीला थापतात आणि वरून हळद-गुळाच्या पाण्याचा हात फिरवतात, त्याने पिवळसर तकाकी येते. हातात घेऊन मधोमध फाडा. आत जाळी दिसली आणि तो धाग्यांनी सुटला, तर ताजा. कोरडा तुकडा पडला तर सकाळचा. खालची बाजूही बघा: बदामी ठिपके हवेत. पांढरी राहिली असेल तर भट्टी नीट तापायच्या आत लावलेला आहे, तो पोटात जड होतो.

वेळेचं गणित महत्त्वाचं. देग सकाळी चढते, म्हणून साडेबारा ते दोन ही उत्तम वेळ. तीननंतर देगीचा तळ लागतो, मीठ वाढतं, रस्सा घट्ट होतो. मग काही जण गरम पाणी घालून पुन्हा उकळी काढतात. असा रस्सा वाटीच्या कडेने पाण्यासारखा वेगळा होतो, तर्री वर न राहता बारीक थेंबांत फुटते. तो परत करा, लाजू नका. तिखट सोसत नसेल तर "तर्री कम" एवढं सांगा, वाढणारा पळीने तर्री बाजूला सारून खालचा रस्सा देतो.

नव्या माणसाला कोणी सांगत नाही अशी एक गोष्ट: बसण्याआधी "छोटे का या बडे का?" हे विचारून घ्या. छोटे म्हणजे बकऱ्याचं, बडे म्हणजे म्हशीच्या जातीचं. जुन्या शहरात दोन्ही मिळतात आणि दरात बराच फरक असतो. दुकानदार सरळ उत्तर देतो, त्यात कोणालाही वावगं वाटत नाही. ज्या दुकानात उत्तर गुळमुळीत येईल, तिथून निघा. पार्सल न्यायचं असेल तर स्टीलचा डबा घरून न्या. गरम तर्री पातळ पन्नीत ओतलेली मला अजिबात पटत नाही. नान भट्टीवरून वेगळे घेतले तर ताजे मिळतात. संध्याकाळपर्यंत कडक झाले तर पाण्याचा हात लावून तव्यावर झाकण ठेवून मिनिटभर शेका, पुन्हा मऊ होतात.

खलियाच्या नादात तहरी आणि डालचा राहू देऊ नका. तहरी म्हणजे मांसाबरोबर शिजवलेला हळदीचा पिवळा भात. तिला बिर्याणीच्या मापाने मोजू नये, ती साधी आणि पोटभरीची असते. डालच्यात चणाडाळ, दुधी आणि चिंच. डाळ पूर्ण विरघळलेली हवी, पण दुधीची फोड मात्र अख्खी राहिलेली.

आता भाकरी. वाळूजच्या वाटेवर आणि शहराबाहेरच्या सगळ्याच रस्त्यांवर काळ्या मसाल्याच्या मटणाचे आणि शेवभाजीचे ढाबे आहेत. त्यांची परीक्षा मी मटणावर नाही, ज्वारीच्या भाकरीवर करतो. दळून बरेच दिवस झाले की पिठाची विरी, म्हणजे चिकटपणा, जाते, भाकरी थापताना कडा फाटतात. मग थापणारे त्यात गव्हाचं पीठ किंवा मैदा मिसळतात. अशी भाकरी चामट होते आणि गार झाली की वाकते पण तुटत नाही. चांगल्या भाकरीचा पापुद्रा बोटाने अख्खा उचलता येतो आणि आत वाफ असते. भाकऱ्या फडक्यात रचून ठेवलेल्या दिसल्या तर "गरम थापून द्या, थांबतो" म्हणा. दहा मिनिटं जास्त लागतील. ज्या ढाब्यावर याला नकार मिळतो, तिथे मी पुन्हा जात नाही.

काळा मसाला करपला तर कडू लागतो, आणि कडूपणा झाकायला गूळ किंवा जास्त तेल येतं. पहिला घास नुसत्या रश्श्याचा घ्या: आधी खोबऱ्याचा आणि धण्याचा खमंगपणा, मग तिखट, असा क्रम हवा. आधीच घशाला ठसका बसला तर ती फक्त मिरचीपूड. बोटं धुतल्यावरही गुलाबी राहिली, तर रंग घातलेला आहे. शेवभाजीत शेव जाड, तिखट आणि ताटात येण्याच्या क्षणी घातलेली हवी. शेव वेगळ्या वाटीत मागितली तर बहुतेक ठिकाणी देतात, आणि तेच उत्तम.

शाकाहारी थाळीसाठी जास्त शोधाशोध नको. राजस्थानी-गुजराती थाळीत "भोज"चं नाव शहरात पक्कं आहे. अशा अमर्याद थाळीला बारा-साडेबाराला जावं, तेव्हा फुलके तव्यावरून थेट येतात आणि फरसाण ताजं असतं. कॅनॉट आणि निराला बाजार संध्याकाळी चार मित्रांबरोबर उभ्याने खायला ठीक, जेवणासाठी नाही.

तुमचा खरा प्रश्न मात्र रोजच्या जेवणाचा आहे, आणि त्याचं उत्तर हॉटेल नसून मेस आहे. उस्मानपुरा, देवगिरी महाविद्यालयाचा परिसर, स्टेशन रोड इथे विद्यार्थी आणि नोकरदार भरपूर, त्यामुळे घरगुती मेसही भरपूर. महिन्याचे पैसे देण्याआधी दोन वेळा सुटं जेवण घ्या. त्यातलं एक सोमवारी किंवा मंगळवारी, कारण रविवारी प्रत्येक मेस चांगलीच असते. चार गोष्टी आधी बोलून घ्या: खाडा धरतात का आणि तो किती दिवस आधी सांगावा लागतो, चपात्या मोजून की पोटभर, रात्री किती वाजेपर्यंत वाढतात, कारण दुसऱ्या शिफ्टहून यायला मध्यरात्र होते, आणि डबा दिला तर भाजी कोरडी की रश्श्याची. शिफ्टच्या डब्यात रस्साभाजी आणि वरण दोन्ही सांडतात, तिथे कोरडी भाजी, चपात्या आणि शेंगदाण्याची चटणी बरी. वरण चाखून बघा. डाळ आणि पाणी वेगळं दिसत असेल तर डाळ नीट न घोटता पाणी वाढवलंय, आणि जे वरणात काटकसर करतात ते तेलातही करतात.

पाण्याकडे मात्र डोळेझाक करू नका. शहराला पाणी पैठणच्या जायकवाडीहून येतं, नळ रोज येत नाहीत, आणि अनेक हॉटेलं टँकरवर चालतात. उकळलेल्या पदार्थाला धोका कमी. धोका असतो तो कच्च्या चटणीत, पाणीपुरीच्या पाण्यात, बर्फाच्या गोळ्यात आणि कापून ठेवलेल्या कांदा-काकडीत. एप्रिल-मेमध्ये हे चार टाळाच. पिण्याचं पाणी जारचं असलं तरी भांडी कशात विसळतात ते एकदा मागे वळून बघा: एकाच टबात दिवसभर गढूळ पाणी असेल, तर तिथे चहासुद्धा नको.

गोडाला गुलमंडीवर "उत्तम" या मिठाईच्या दुकानाची इम्रती. ती जिलेबी नव्हे, उडदाच्या डाळीची असते. कढईतून पाकात आणि पाकातून थेट द्रोणात पडली पाहिजे. चावल्यावर पाक आतून सुटावा आणि उडदाची चव कळावी. पार्सल घेतलीत तर खोक्याचं झाकण थोडं उघडं ठेवा, बंद खोक्यात वाफ धरून ती मऊ पडते. पानासाठी तुम्हाला लांब जायची गरज नाही, तारा पान सेंटर तुमच्या उस्मानपुऱ्यातच आहे. फक्त रविवारी रात्री दहाच्या सुमाराला तिथे गाडी लावायला जागा मिळत नाही, चालत जा.