स्विफ्टच्या पिढ्यांची नोंद सर्व देशांसाठी एकाच सनावळीने करावी का?

नाही, पिढी बॉडी व चॅसिसवरून ठरवावी आणि विक्रीचे वर्ष देशागणिक वेगळ्या रकान्यात लिहावे, कारण जपानमध्ये २००४, २०१०, २०१७ आणि २०२३ साली विक्रीस आलेल्या स्विफ्ट भारतात अनुक्रमे २००५, २०११, २०१८ आणि २०२४ साली आल्या. पुण्यात नाना पेठेतल्या सुट्या भागांच्या दुकानात काम करताना मी प्रथम चॅसिस क्रमांकाची सुरुवात पाहतो: ‘एमए३’ म्हणजे मारुतीने भारतात बनवलेली, ‘टीएसएम’ म्हणजे हंगेरीतली. वर्षावर विसंबल्यास भाग हमखास चुकतो. मात्र २००४ पूर्वीच्या गाड्यांना नावाचाही आधार नाही: जपानची कल्टस परदेशात स्विफ्ट म्हणून विकली गेली, तिचीच सेडान आपल्याकडे मारुती १००० आणि पुढे एस्टीम झाली, तर २००० साली जपानमध्ये स्विफ्ट नावाने आलेली गाडी युरोपात इग्निस होती.