ड्रिल हॉलमधे खांब का नसतात?

प्रश्न: इंग्लंडमधे फिरताना एका गावात जुना ड्रिल हॉल, म्हणजे सैनिकांच्या कवायतीचा हॉल, बघितला. रस्त्यावरून बघितलं तर छोटा किल्लाच, वर चर्यासुद्धा, आणि मागे मात्र गोदामासारखी लांबलचक शेड. एकाच बिल्डिंगमधे एवढा फरक का? आणि आत एकही खांब कसा नाही?

उत्तर: आधी खांबाचं सांगतो, कारण खरी मेख तिथेच आहे. वीस जण खांद्याला खांदा लावून उभे आहेत आणि अख्ख्या रांगेला दाराच्या फळीसारखं वळायचंय असं डोळ्यासमोर आणा, आतल्या टोकाचा जवळजवळ जागच्या जागी कदमताल करतो, बाहेरच्या टोकाचा लांब ढांगा टाकत मोठा फेरा मारतो, आणि मधे खांब आला की रांग फुटलीच! म्हणून छताचं ओझं भिंतींवर टाकायचं आणि वर लोखंडी कैच्या, म्हणजे छत पेलणारे सांगाडे, हे तंत्र तेव्हाच्या रेल्वे स्टेशनांच्या शेडमधलंच.

आता किल्ल्याचं. 1859 मधे फ्रान्सचा सम्राट तिसरा नेपोलियन चाल करून येईल या धास्तीनं ब्रिटनमधे गावोगावी स्वयंसेवकांच्या पलटणी उभ्या राहिल्या, ही माणसं दिवसभर आपापल्या कामावर, कवायत संध्याकाळी, आणि तिकडचा पाऊस अन् हिवाळ्यातला लवकरचा अंधार बघता छप्पर हवंच. सुरुवातीला मिळेल त्या जागेत भागवलं, मग स्वतःचे हॉल आले, बरेच वर्गणीतून. वर्गणीचा पैसा असला की सजावट रस्त्याकडच्या बाजूलाच होणार ना. त्या पुढच्या भागात ऑफिस, बंदुकांची खोली, कुठे कुठे शिकवणाऱ्या सार्जंटचं घरही. 1908 ला टेरिटोरियल फोर्स, म्हणजे अशा स्वयंसेवकांची नव्यानं बांधलेली फौज, आली तेव्हा आणखी बरेच हॉल बांधले गेले, आणि 1914 च्या ऑगस्टमधे या फौजेतली मुलं याच हॉलमधे जमून पहिल्या महायुद्धावर गेली. मला तरी ही जागा त्यामुळे नुसती शेड वाटत नाही.

अमेरिकेत यांना आर्मरी म्हणतात. न्यूयॉर्कच्या पार्क अव्हेन्यूवरची 1880 ची आर्मरी जरूर बघा, तिचा हॉल जवळपास 80 फूट उंच आहे आणि आता तिथे नाटकं, कलाप्रदर्शनं होतात. लेक्सिंग्टन अव्हेन्यूवरच्या दुसऱ्या एका आर्मरीत तर 1913 मधे मॉडर्न आर्टचं ते गाजलेलं प्रदर्शन भरलं होतं, एवढी मोकळी जागा शहरात दुसरीकडे कुठे मिळणार!