फ्लॅटच्या बाल्कनीत रसायनं न वापरता औषधी झाडं लावायची तर सुरुवात कशी करावी?

तुमची बाल्कनी पूर्वेची आहे, सकाळचं तीन-चार तास ऊन येतं आणि घरात रोज वापरता येतील अशी झाडं हवीत, असं तुम्ही लिहिलंय. एवढं ऊन पुष्कळ झालं. मी पुण्यात चौथ्या मजल्यावर अशाच बाल्कनीत ही झाडं वाढवते. माझं सांगणं एकच: औषधी झाडांच्या लांबलचक याद्या बाजूला ठेवा आणि तुमच्या स्वयंपाकघरात आत्ता जे लागतं तेवढंच लावा. ही झाडं खुडली की फुटतात. न वापरलेला पुदिना लांबुळका होऊन पडतो, आणि मंजिऱ्या न खुडलेली तुळस बी धरून वाळायला लागते.

खरी मेहनत मातीची आहे. नर्सरीतली नुसती लाल माती भरू नका. पाणी देऊन देऊन ती घट्ट बसते आणि मुळांना हवा मिळत नाही. हिवाळा सरता सरता सोसायटीत पानगळ सुरू होते आणि तो पाला लोक चक्क जाळतात. तो पोत्यात भरून घरी आणा. कुंडीच्या तळाशी पाला दाबून भरा, साधारण अर्ध्यापर्यंत. वर माती आणि गांडूळखत निम्मं-निम्मं, त्यात मूठभर निंबोळी पेंड. रोप लावलं की पुन्हा वरून पाल्याचं आच्छादन. तळचा पाला कुजत जातो तशी माती खाली बसते. तेवढी भर घालत राहायची. अशी कुंडी हलकी राहते, आणि आच्छादनाखाली बोट घातलं तर एप्रिलमध्येही ओल लागते. भाज्यांची कच्ची सालं, देठं त्याच पाल्याखाली दडपा. शिजलेलं, तेलकट काही नको, मुंग्या आणि उंदीर येतात.

जीवामृत, म्हणजे शेण-गोमूत्राचं आंबवलेलं द्रवखत, करा असं तुम्हाला कुणीतरी सांगेलच. नैसर्गिक शेतीचा प्रसार करणाऱ्या सुभाष पाळेकरांची मूळ कृती एकरासाठी आहे: 200 लिटर पाण्यात 10 किलो शेण, गोमूत्र, गूळ, बेसन आणि मूठभर जिवंत माती. प्रमाण उतरवून घरी करता येतं, पण ताजं शेण मिळवण्याची खटपट आणि शेजाऱ्यांना येणारा वास बघता, पाला आणि गांडूळखत असेल तर बाल्कनीला त्याची गरज नाही, असं माझं मत आहे.

आता झाडं. गवती चहा कठड्याजवळ, जिथे सगळ्यात जास्त ऊन आहे तिथे, मोठ्या कुंडीत. पात उपटायची नाही, बुडापासून चार बोटं वर कात्रीने कापायची. दीड-दोन वर्षांत बेट दाटलं की फोडून अर्धं दुसऱ्या कुंडीत लावा. पुदिन्याला उथळ, पसरट कुंडी आणि दुपारची सावली मानवते. पानओवा तर प्रत्येक घरात हवाच. जाड, लव असलेलं पान, नुसतं बोटांत चुरडलं तरी ओव्याचा वास घरभर. मसाल्याचा ओवा ही निराळी वनस्पती, पण भजी या पानांचीच करायची. त्याला पाणी कमी द्या, जास्त झालं की बूड सडतं.

अडुळसा मोठा होतो, छाटत राहावा लागतो, पण खोकल्यासाठी घरात असावा असं मला मनापासून वाटतं. त्यातल्या व्हॅसिसीन या द्रव्यावरूनच ब्रोमहेक्झिन हे कफाचं औषध तयार झालं. म्हणूनच तो जपून वापरायचा. गरोदरपणात अजिबात नाही.

गुळवेलीबद्दल मी सावध आहे. कोविडच्या काळात लोकांनी रोज काढे प्यायले, आणि 2021 मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या काही रुग्णांत यकृताला इजा झाल्याचं नोंदवलं. आयुष मंत्रालयाने तो निष्कर्ष मान्य केला नाही. तरीही तिच्यासारख्याच दिसणाऱ्या वेली आहेत, आणि ओळखण्यात गफलत झाली तर भोगायचं आपल्याला. वैद्यांना विचारल्याशिवाय ती पोटात घेऊ नका. कोरफडीचं पान कापलं की आधी तिरकं धरून पिवळा चीक पूर्ण निथळू द्या. तो पोटात गेला तर जुलाब होतात.

मावा किंवा पिठ्या ढेकूण दिसला तर लिटरभर पाण्यात 5 मिली निंबोळी तेल आणि थोडं रिठ्याचं पाणी मिसळून संध्याकाळी फवारा. त्यानंतर काही दिवस पानं खुडू नका, आणि खुडाल तेव्हा नीट धुऊन घ्या.

नर्सरीतून आणलेल्या रोपावर आधी काय फवारलंय ते आपल्याला कळत नाही, म्हणून नवी फूट येईपर्यंत त्याची पानं खाऊ नका. खरं तर पुदिना, पानओवा आणि गवती चहा विकत आणायचंही कारण नाही. मंडईतल्या पुदिन्याच्या जाड काड्या ग्लासभर पाण्यात ठेवल्या की आठवडाभरात मुळं सोडतात, पानओव्याची फांदी मातीत खोचली की लागते, आणि गवती चहाचं बेट ज्यांच्या अंगणात आहे ते मुळासकट चार काड्या आनंदाने देतात.