पाळी नियमित, तरी दिवस का राहत नाहीत?

प्रश्न : वय २९. पाळी दर २८ दिवसांनी येते. सात महिने प्रयत्न करतोय, दिवस राहत नाहीत. माझ्यात दोष आहे का?

सात महिन्यांवरून तसं म्हणता येत नाही. पस्तिशीच्या आत वर्षभर नियमित संबंध येऊनही दिवस राहिले नाहीत, तर तपासण्या सुरू करतात. नियमित पाळी म्हणजे स्त्रीबीज बहुधा वेळेवर बाहेर पडतंय. मात्र गर्भनलिका बंद असल्या तरी पाळी घड्याळासारखी येते. नलिका तक्रार करत नाहीत. पूर्वी ओटीपोटात जंतुसंसर्ग, क्षयरोग, फुटलेलं अपेंडिक्स किंवा नलिकेत राहिलेला गर्भ, यांतलं काही झालं असेल तर वर्षभर थांबू नका.

प्रश्न : वय ३१. पाळी ४५ ते ६० दिवसांनी येते, हनुवटीवर राठ केस आहेत. सोनोग्राफीत पीसीओडी निघालं. आता मूल होणारच नाही का?

‘होणारच नाही’ असं कुठलीच सोनोग्राफी सांगत नाही. पीसीओडी म्हणजे तुमच्याकडे बीजं आहेत, ती वेळेवर सुटत नाहीत इतकंच. वर्षाला सहा-आठ पाळ्या म्हणजे फार तर तितक्याच संधी, त्याही कधी येतील याचा नेम नाही. म्हणून तुम्ही वर्षाची वाट न पाहता डॉक्टरांना भेटा. वजन जास्त असेल तर ५ ते १० टक्के घटलं तरी अनेकींची पाळी रुळावर येते. नाही आली तर बीज सुटण्यासाठी गोळ्या आहेत, सहसा आधी लेट्रोझोल देतात. थायरॉइड आणि प्रोलॅक्टिन, म्हणजे दूध आणणारं संप्रेरक, हेही तपासून घ्या. मूल झालेलं नसताना स्तनांतून दूध येत असेल, तर ते आवर्जून सांगा. बऱ्याच जणी लाजून सांगत नाहीत.

प्रश्न : पाळीत दोन दिवस अंथरुणातून उठवत नाही. संबंधांच्या वेळीही आत खोलवर दुखतं. ‘सगळ्यांनाच दुखतं’ असं ऐकत आलेय.

सगळ्यांना असं दुखत नाही. हे एन्डोमेट्रिओसिस असू शकतं : गर्भाशयाच्या अस्तरासारख्या पेशी बाहेर, बीजांडावर किंवा नलिकांभोवती वाढतात. सोनोग्राफी नॉर्मल आली तरी ते नाहीच असं ठरत नाही.

प्रश्न : वय ३७, आठ महिने झाले. एएमएच चांगलं आहे, म्हणून थांबावं का? ‘माझी तपासणी नंतर बघू’ असं नवरा म्हणतो.

थांबू नका, पस्तिशीनंतर मुदत सहाच महिन्यांची. एएमएचची रक्ततपासणी बीजांची शिल्लक सांगते, दर्जा वयावर ठरतो. आणि ‘नंतर’ का? जवळपास निम्म्या जोडप्यांत पुरुषाकडच्या कारणाचाही वाटा असतो. वीर्यतपासणीला २ ते ७ दिवसांचा संयम आणि एक नमुना पुरतो. तो रिपोर्ट हातात येईपर्यंत स्वतःची लॅप्रोस्कोपी (पोटात दुर्बीण घालून तपासणी) ठरवू नका.