मेंदूच्या ट्यूमरवर ब्रोकोलीतलं सल्फोराफेन द्यावं का?

तुम्ही विचारलंत: काकूंना ग्लायोब्लास्टोमा (मेंदूचा आक्रमक कॅन्सर) निघाला, ऑपरेशन झालं आणि आता कुणीतरी ब्रोकोलीचा रस द्या म्हणतंय, त्यातलं सल्फोराफेन नावाचं द्रव्य ट्यूमरवर चालतं म्हणून, तर द्यावा का? आमच्याकडे तो कुणीतरी म्हणजे माझा मोठा भाऊ.

बाबांना नागपुरात धंतोलीत सहा आठवडे रेडिएशन चालू होतं, सोबत टेमोझोलोमाइड या केमोच्या गोळ्या. दादा पुण्यात. रोज रात्री फोन, "दिली का ब्रोकोली?" मी सकाळीच कॉटन मार्केट गाठायचो, नाही मिळाली तर गोकुळपेठ. एप्रिलातल्या ब्रोकोलीचा भाव विचारू नका. दादाची कृती ठरलेली: कुकरला तीन शिट्ट्या, जंतू राहायला नकोत, मग मिक्सरमधून काढून गाळून ग्लासभर. बाबा ग्लासाकडे पाहून म्हणायचे, "काहून पाजून राहिला रे हे मले?"

शेवटी मीच वाचायला बसलो. सल्फोराफेन ब्रोकोलीत तयार नसतंच. असतं ते ग्लुकोराफेनिन. भाजी चिरली, चावली की मायरोसिनेज नावाचं एन्झाइम त्याचं सल्फोराफेन करतं, आणि हे एन्झाइम उकळलं की संपलं. आतड्यातले जीवाणू थोडंफार करतात, बस. आईला सांगितलं तर ती म्हणाली, "कोरडी मोहरी नाकात जात नाही, पाणी घालून फेसली की जाते, तसंच न?" अगदी तसंच. मोहरीतही हेच एन्झाइम. सातवी शिकलेल्या आईला कळलं, इंजिनीअर दादाला नाही.

मग दादा ब्रोकोलीच्या मोडांवर आला. अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या पॉल तलाले यांच्या गटाने 1992 मध्ये ब्रोकोलीतून सल्फोराफेन वेगळं काढलं, 1997 मध्ये तीन दिवसांच्या मोडांत ग्लुकोराफेनिन मोठ्या ब्रोकोलीच्या 10 ते 100 पट असतं हे दाखवलं. खरंच आहे. पण ग्लायोब्लास्टोमावर जे काम झालंय ते काचेच्या बशीतल्या पेशींवर आणि उंदरांवर. रुग्णांचं आयुष्य त्याने वाढतं हे सिद्ध झालेलं नाही. उलट सल्फोराफेन एनआरएफ2 नावाचं पेशीतलं संरक्षण जागं करतं, आणि ट्यूमरच्या पेशीही त्याच संरक्षणाने औषधाला दाद देत नाहीत. रेडिएशनला टेमोझोलोमाइड जोडल्यावर 2005 च्या मोठ्या चाचणीत मध्यक आयुष्य (म्हणजे निम्मे रुग्ण ज्याहून जास्त जगले तो काळ) 12.1 महिन्यांवरून 14.6 वर गेलं. एवढुसंच. पण ते माणसांवर मोजलेलं आहे. गोळ्या चुकवू नका, बाकी काकूंना जे आवडेल ते खाऊ द्या. फुलकोबी खाल्ली तर खाल्ली.

हो, मी डॉक्टर नाही, माझं हार्डवेअरचं दुकान आहे. आणि टेमोझोलोमाइडच्या गोळ्यांनी रक्तातल्या पेशी घटतात, तेव्हा कच्चे मोड मुळीच नको, संसर्ग होतो. सल्फोराफेनची कॅप्सूल द्यायचीच असेल तर आधी ऑन्कॉलॉजिस्टला दाखवा.

बाबांनी शेवटी भरल्या वांग्याची भाजी मागितली होती. मी दिली नाही, रस दिला. तेरवीला दादा पाहुण्यांसमोर म्हणाला, "नेमाने दिलं असतं तर बाबा राहिले असते." तेव्हा गप्प बसलो. दादा, हे वाचत असशील तर ऐक, एकही दिवस चुकला नाही, आणि त्या तीन शिट्ट्या तुझ्या होत्या.