दुबईचा पगार, घरकर्जाचा हप्ता आणि दोन मर्यादा

डिचोलीहून दुबईला निघण्यापूर्वी आपण विचारले आहे की, मूळ पगार ३,००० आणि भत्ते १,५०० असे ४,५०० दिरहम व महिन्याला ४० तासांपर्यंत ओव्हरटाइम मिळाल्यास घरकर्जाचा ३५,००० रुपयांचा हप्ता झेपेल का. याचे उत्तर एका आकड्यात शोधू नये. खालची आणि वरची अशा दोन मर्यादा काढाव्यात.

तेथे पगारावर आयकर नाही. ओव्हरटाइम मात्र मूळ पगारावरच मोजला जातो, आणि दिवसाच्या जादा कामाला सव्वापट दर मिळतो. महिन्याचे २४० तास धरल्यास तासाचे १२.५० आणि सव्वापटीने १५.६२५ दिरहम होतात. ओव्हरटाइमचे तास क्ष मानले, तर ० ≤ क्ष ≤ ४०, म्हणून

४,५०० ≤ उत्पन्न ≤ ५,१२५.

एजंट हा दर पूर्ण ४,५०० वर काढून दाखवत असेल, तर त्यावर विसंबू नये.

खर्चाचे आकडे मी अंदाजाने धरतो: देरा किंवा करामा भागात बेडस्पेस (सामायिक खोलीतील एका खाटेची जागा) ९०० ते १,२००, जेवण ७०० ते ९००, फोन १०० ते १५०, आणि मेट्रोचा सर्व झोनचा मासिक पास ३५०. म्हणजे

२,०५० ≤ खर्च ≤ २,६००.

येथेच पुष्कळांची गफलत होते. ते किमान उत्पन्नातून किमान खर्च वजा करतात आणि २,४५० शिल्लक धरून बसतात. वस्तुतः वजा करताना खर्चाच्या असमानतेची दिशा उलटते, त्यामुळे किमान शिल्लक काढताना किमान उत्पन्नातून कमाल खर्च वजा करावा लागतो:

१,९०० ≤ शिल्लक ≤ ३,०७५.

दिरहम १९९७ पासून डॉलरला बांधलेला असला, तरी रुपयाचा भाव हलतो. सावधगिरीने २२ रुपये धरल्यास १,९०० दिरहमचे ४१,८०० रुपये होतात. हप्ता त्यात बसतो, पण घरखर्चाला खात्रीने उरतात ते केवळ ६,८०० रुपये, आणि ओव्हरटाइम देणे न देणे कंपनीच्या कामावर अवलंबून असते. म्हणून कर्जाची मुदत वाढवून हप्ता २८,००० च्या आत आणता येतो का, हे बँकेला आताच विचारावे, आणि चवथीला (गणेशचतुर्थीला) गावी येण्याच्या तिकिटाचे पैसे १,९०० च्या वर जे मिळेल त्यातूनच बाजूला टाकावेत.