फोटोवर उपयोगी अभिप्राय कसा द्यावा आणि कसा घ्यावा? लोक एकतर ‘अप्रतिम’ म्हणतात, नाहीतर ‘कंपोझिशन सुधारा’.

‘कंपोझिशन सुधारा’ हा अभिप्रायच नाही. डॉक्टरने नाडीला हात न लावता ‘तब्येत सांभाळा’ म्हणावं, तसलं ते आहे. ‘अप्रतिम’वाले निदान निरुपद्रवी असतात. खरं नुकसान करतात ते ठामपणे चुकीचं सांगणारे. तुमच्या प्रश्नाला मी आलो तो त्यांच्यामुळे.

एकच फोटो घेऊन बोलू. भिगवणजवळ उजनीच्या बॅकवॉटरमध्ये होडीतून काढलेला, पाण्यावर धाव घेऊन उडणारे सहा रोहित (फ्लेमिंगो). एपीएस-सी (फुल-फ्रेमपेक्षा लहान) सेन्सरचा २४ मेगापिक्सेलचा कॅमेरा, लेन्स ५०० मिमीला, शटर १/२५० सेकंद, लेन्सचं तोंड (अ‍ॅपर्चर) एफ ८, आयएसओ (कमी उजेडात फोटो उजळवणारा आकडा) १००. सकाळचा कोवळा उजेड. फोटो ‘थोडा मऊ’ आलाय, एवढं काढणाऱ्या मुलालाही दिसत होतं. त्याला चार अभिप्राय मिळाले. एक म्हणाला क्रॉप कर. दुसरा म्हणाला गर्दी फार आहे. तिसऱ्याने रूल ऑफ थर्ड्सची (फ्रेमचे आडवे-उभे तीन-तीन भाग करणारी) जाळी टाकून दाखवली. चौथे ज्येष्ठ, स्पर्धांना परीक्षक म्हणून जाणारे. ते म्हणाले, ‘आयएसओ १०० ठेवलास हे फार चांगलं केलंस, आता फोकस सुधार.’

फोकसला काहीही झालं नव्हतं. आणि ज्या आयएसओ १०० ची शाबासकी मिळाली, त्यानेच फोटो घालवला होता.

हे कशावरून? फोटो १०० टक्क्यांवर उघडा आणि पक्षी सोडून बाकी सगळं बघा. फोकस चुकला असेल तर फ्रेममध्ये दुसरं काहीतरी धारदार सापडतं. अलीकडच्या लाटा तरी, नाहीतर पलीकडचं गवत तरी. पाण्यावरची चमक गोल चकत्यांसारखी दिसते. कॅमेरा हलला असेल तर एकही गोष्ट धारदार नसते, आणि चमकेचा प्रत्येक ठिपका एकाच दिशेने ओढल्यासारखा रेघ होतो. फक्त पक्षी हलला असेल तर स्थिर वस्तू स्वच्छ येतात आणि पंखांची टोकं पुसली जातात. या फोटोत पाण्यातून वर आलेली एक काठी होती. काठी उभ्या दिशेने पुसलेली, चमकेच्या रेघाही उभ्या, आणि त्याउपर पंखांची टोकं वेगळ्याच दिशेने गेलेली. म्हणजे होडीचा हेलकावाही आला आणि पंखांची फडफडही आली. दोन्हींचं कारण एकच, १/२५०. आणि शटर इतकं संथ ठेवावं लागलं ते आयएसओ १०० मुळे.

(चौथी शक्यता म्हणजे ऊन तापल्यावर पाण्यावरची हवा थरथरते ती. तेव्हा कडा वेड्यावाकड्या, वितळल्यासारख्या दिसतात आणि सलग दहा फोटोंत प्रत्येक वेळी वेगळ्या. त्याला शटर स्पीडचा उपाय नाही, महाग लेन्सचाही नाही. पहाटे जा आणि जवळून काढा.)

तेव्हा त्या मुलाला द्यायचा अभिप्राय असा: ‘काठीसुद्धा हललेली आहे, म्हणून हा फोकसचा दोष नाही. एपीएस-सीवर ५०० मिमी म्हणजे दीडपट, ७५० मिमीसारखं, त्यामुळे नुसती हाताची थरथर लपवायलाच १/७५० लागतं. होडीतून, उडत्या पक्ष्याला, १/२००० धर. १/२५० पासून तिथपर्यंत तीन स्टॉप (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा किंवा दुप्पट). म्हणजे एफ ८ लाच राहिलास तर आयएसओ ८००, आणि लेन्स एफ ६.३ ला उघडलीस तर ५०० मध्ये भागतं. स्टॅबिलायझेशनवर विसंबू नकोस. ते हाताची थरथर सांभाळतं, पक्ष्याचे पंख थांबवत नाही.’ काय दिसलं, ते कशामुळे झालं, पुढच्या वेळी कुठलं बटण किती फिरवायचं, हे तिन्ही त्यात आलं. यातलं एक जरी गाळलं तरी ऐकणारा घरी जाऊन काय करणार?

आता त्या आयएसओ १०० बद्दल. हा वाद जुना आहे आणि मला तो मिटवायचाच आहे. फिल्मच्या काळी ते भय खरं होतं. १९९० साली आलेली वेल्व्हिया ही फिल्म ५० आयएसओची होती, आणि ४०० ची फिल्म १६०० ची समजून वापरली (‘ढकलली’) की दाणे डोळ्यांत घुसायचे. त्या सवयीने पोसलेला माणूस आज पंधरावीस वर्षं डिजिटल वापरूनही ‘आयएसओ वाढला की फोटो गेला’ म्हणतो. गेल्या दहा वर्षांतल्या कुठल्याही बऱ्या कॅमेऱ्यात, उजेड नीट मिळालेला आयएसओ ८०० चा फोटो १२ × १८ इंचांवर छापा आणि हातभर अंतरावरून नॉईज (रवाळ ठिपके) दाखवून द्या. शिवाय नॉईज काढता येतो, लाइटरूम या फोटो-सॉफ्टवेअरमध्ये तर २०२३ पासून एआय डिनॉईज आहे. हललेले पंख परत आणणारं खात्रीचं काही नाही. उलट आयएसओ १०० च्या हट्टापायी फोटो अंधारा काढून नंतर दोन स्टॉप उचलला, तर नॉईज तसाही येतोच. स्पर्धेत एक्झिफ (फाइलमध्ये नोंदलेली कॅमेऱ्याची सेटिंग्ज) बघून गुण देणारे परीक्षक मला स्वयंपाक न चाखता गॅसची आच बघून मार्क देणाऱ्यांसारखे वाटतात.

‘क्रॉप कर’ म्हणणाऱ्याने आकडा सांगावा. ६००० × ४००० च्या फाइलची रुंदी-उंची अर्धी केली की ३००० × २००० उरतात, म्हणजे २४ चे ६ मेगापिक्सेल झाले. ते ८ × १२ इंचांच्या प्रिंटला इंचाला २५० पिक्सेल देतात, चालून जातं. १२ × १८ ला जेमतेम १६६. आणि फोटो आधीच हललेला असेल तर क्रॉपने हलणं दुप्पट मोठं दिसतं. म्हणजे या मुलाला क्रॉपचा सल्ला म्हणजे जखमेवर भिंग धरणं. ‘गर्दी’ म्हणणाऱ्याचं मात्र थोडं बरोबर होतं, फक्त त्याने जागा सांगितली नाही. दुसऱ्या आणि तिसऱ्या पक्ष्याच्या माना एकमेकींवर आल्या होत्या आणि दोन डोक्यांचा एक पक्षी दिसत होता. त्याला क्रॉप हा इलाज नव्हे. सलग काढलेल्या फोटोंतली आधीची किंवा नंतरची फ्रेम उघडायची, तिथे माना सुटलेल्या असतात. थर्ड्सच्या जाळीबद्दल मी बोलत नाही.

घेण्याच्या बाजूचं थोडक्यात. ‘कसा वाटला?’ विचारलंत तर ‘छान’च मिळणार. ‘नजर आधी कुठे गेली आणि कुठे अडकली?’ हे विचारा. फोटो कशासाठी आहे तेही सांगा, कारण फोनवर बघायचा आणि भिंतीवर लावायचा याला एकच उत्तर नसतं. व्हॉट्सअ‍ॅपवर नुसता फोटो म्हणून पाठवू नका. तो दाबला जातो आणि एक्झिफही पुसलं जातं, मग समोरचा मऊपणाबद्दल जे बोलेल ते व्हॉट्सअ‍ॅपबद्दल असेल. डॉक्युमेंट म्हणून पाठवा, एसआरजीबी या सगळीकडे चालणाऱ्या रंगपद्धतीत एक्स्पोर्ट करून. अ‍ॅडोबी आरजीबीत पाठवलात तर कित्येक अ‍ॅप्समध्ये रंग फिके दिसतात आणि ‘सॅच्युरेशन वाढव’ हा फुकटचा सल्ला पदरात पडतो. क्रॉप केलेल्याबरोबर मूळ फ्रेमही जोडा. समोरचा बोलत असताना ‘तिथे जायला चार तास लागले’ हे सांगू नका, फोटोत ते दिसत नाही. तिघांनी एकाच जागेवर बोट ठेवलं तर दोष तिथेच आहे असं धरा, मग तिघांचे उपाय वेगवेगळे का असेनात. उपाय तुमचा तुम्ही शोधा.

आता राहिलेल्या पुरवण्या. ट्रायपॉडवरच्या निसर्गदृश्याला आयएसओ १०० हेच बरोबर, तिथे ज्येष्ठांशी माझं भांडण नाही. जुन्या कॅमेऱ्यात किंवा फोनच्या झूम लेन्सवर ८०० लासुद्धा नॉईज त्रास देतो. मुद्दाम १/३० ला पॅनिंग (उडत्या पक्ष्याबरोबर कॅमेरा फिरवणं) केलं असेल तर पंख पुसलेलेच हवेत. पण मग निदान डोळा तरी स्पष्ट हवा, आणि हेतू अभिप्राय मागतानाच सांगायला हवा, टीका ऐकल्यावर नव्हे. आणि असल्या उड्डाणाच्या फोटोला एक प्रश्न मी न चुकता विचारतो: थवा आपणहून उडाला, की होडी अंगावर घालून उडवला? चरणारा थवा उडवला की त्याचं खाणं तुटतं. सगळे पक्षी होडीकडे पाठ करून निघालेले असतील तर उत्तर बहुधा फोटोतच असतं, आणि तेव्हा मी शटर स्पीडपर्यंत पोचतच नाही.